सांगणारी कुठं उभी होती

“हा उतारा मोठ्यानं वाचा, मॅडम,” असं म्हणत कुलथे वकिलांनी दिवाळी अंक साक्षीदाराच्या कठड्यावर आपटला.

साक्षीला उभ्या होत्या प्राध्यापक वसुधा रेणापूरकर. त्यांनी शांतपणे चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

‘कोठीचं दार बाहेरून लावलेलं होतं. मी दाराशी ओणवी झाले. दाराखाली चार बोटं फट होती. रंगीनं त्या फटीला तोंड लावलं होतं. आत वारा नव्हता, म्हणून ती बाहेरचा वारा ओढत होती. तिचा पाय मागं पोत्यावर आपटत होता. आधी जोरात, मग हळूहळू.’

तालुक्याच्या कोर्टातली ती लहानशी खोली माणसांनी भरली होती. मी शेवटच्या बाकावर तोंडाला ओढणी गुंडाळून बसले होते. रंगी म्हणजे राही. कथेत नाव बदललं होतं. आणि ‘मी’ म्हणजे कोण, यावरच सकाळपासून वाद चालला होता.

कथा लिहिली होती दिवाकर सोनटक्के सरांनी. आरोपीच्या जागी हात मागे बांधून ते उभे होते. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी चालवलेल्या एका वसतिगृहात अधीक्षक दोन शब्द बोलल्याबद्दल एका दमेकरी मुलीला भर उन्हात पत्र्याच्या कोठीत कोंडतो आणि ती मरते, अशी ती कथा. गावाचं नाव नव्हतं, अधीक्षकाचं नाव नव्हतं. तरी गुणवंत तौर यांनी कोर्टात बदनामीची फिर्याद केली की हा अधीक्षक म्हणजे मीच, आणि यातलं सगळं खोटं आहे. आमच्या वेळचे अधीक्षक तौर आता त्या संस्थेचे सचिव झाले होते. पहिल्या रांगेत पांढऱ्या कडक कपड्यांत ते बसले होते. सोनटक्के सर दोषी ठरले असते तर शिक्षा झाली असती, आणि त्यांची शाळेतली नोकरीही गेली असती.

“मघाशी आपण सांगितलंत की ही प्रथमपुरुषी कथा आहे,” तौरांचे वकील कुलथे म्हणाले.

“हो. इथं निवेदन करणारी एक लहान मुलगी आहे. ती ‘मी’ म्हणते. लेखक म्हणजे ती नव्हे. हा फरक आम्ही अकरावीच्या मुलांनाही शिकवतो.”

सरांचे वकील पेडगावकर समाधानानं मागं टेकले. याचसाठी त्यांनी बाईंना बोलावलं होतं.

“छान. मग आता मलाही अकरावीतला समजा. प्रथमपुरुषी निवेदकाला काय काय दिसू शकतं?”

“त्याला स्वतःला जे दिसतं, ऐकू येतं, वाटतं, तेवढंच. दुसऱ्याच्या मनातलं किंवा डोळ्याआडचं त्याला सांगता येत नाही. ते सर्वज्ञ निवेदक सांगतो.”

“ही मुलगी कुठं उभी आहे?”

“दाराबाहेर.”

“दार?”

“बंद.”

“फट चार बोटं. फटीला तोंड लावलेलं. मग मागं पोत्यावर आपटणारा पाय हिला दिसला कसा, मॅडम?”

रेणापूरकर बाईंनी उतारा पुन्हा वाचला. या वेळी मनातल्या मनात. खोलीतला पंखा कुरकुरत होता. बाई प्रामाणिक होत्या, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

“दिसणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा दृष्टिकोनाचा दोष आहे. ‘मी’ बाहेर असताना लेखक स्वतः आत डोकावला आहे.”

“म्हणजे पायाचं वाक्य लेखकाच्या मनातलं?”

“हो. कल्पनेतलं.”

“म्हणजे कोठीच्या आत काय झालं ते पाहणारं कुणीच नव्हतं. बरोबर?”

“कथेपुरतं बोलायचं तर, हो.”

“लिहून घ्यावं, मॅडम,” कुलथे न्यायाधीश बाईंकडे वळून म्हणाले. “आत काय झालं ते पाहणारं कुणीच नव्हतं.”

मला वाटलं, आता पेडगावकर उठून हरकत घेतील. ते उठले नाहीत. उलट त्यांनी मान डोलावली. कुलथेंना कल्पना म्हणजे खोटेपणा हवा होता, पेडगावकरांना कल्पना म्हणजे पळवाट हवी होती. दोघांचं भागत होतं. राही कल्पनेतली ठरली होती, आणि त्या खोलीतल्या कुणालाच त्याची अडचण नव्हती.

मी सोनटक्के सरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

सर मला शिकवायला होते. मी तालुक्याच्या एका दवाखान्यात कामाला होते आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते. रविवारी सर आमचे वर्ग घ्यायचे. कथेतले लहान लहान उतारे द्यायचे आणि विचारायचे, “हे सांगतंय कोण?” आम्ही ‘मी’ दिसला की प्रथमपुरुषी आणि ‘तो’ दिसला की तृतीयपुरुषी असं ठोकून द्यायचो. सर वैतागायचे. “नुसतं सर्वनाम बघू नका. सांगणारा उभा कुठं आहे ते बघा. खिडकीत आहे? झाडावर आहे? त्याला काय दिसतं, काय दिसत नाही? तो काय सांगायचं टाळतो?”

एका रविवारी वर्ग सुटल्यावर मी बाकावरच बसून राहिले आणि त्यांना राहीचं सांगितलं. सगळं सांगितलं, तिचा पाय आपटत होता तेही, फक्त मी दाराबाहेरच राहिले. माय त्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. बाप नव्हता. राही मेली त्या संध्याकाळी मायनं माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं होतं. “तू भाईर व्हतीस. कोठीकडं गेलीच न्हाईस. ध्यानात ठिव.” मी ध्यानात ठेवलं होतं. इतकं की सरांना सांगतानाही माझी जीभ दाराशी येऊन थांबली.

सरांनी कथा लिहिण्याआधी मला विचारलं होतं. खटला उभा राहिल्यावर त्यांनी निरोप पाठवला, तू कोर्टात फिरकू नकोस, तुझं नाव कुठंही येणार नाही. मायही म्हणाली, जाऊ नको. मी दोघांचंही ऐकलं नाही. पण बोलायचं असं ठरवून गेले नव्हते. नुसतं बघायला गेले होते.

“साक्षीदार जाऊ शकतात,” न्यायाधीश बाई म्हणाल्या.

तेव्हा मी उभी राहिले.

“मॅडम, आत एक मुलगी होती.”

सगळ्या माना मागं वळल्या. शिपाई माझ्याकडे यायला निघाला. “खाली बसा,” न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्या वयानं लहान होत्या, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. “असं मधे बोलता येत नाही. कोण तुम्ही?”

“वैजंता घोलप. या कथेतला ‘मी’ म्हणजे मी.”

कुलथे हसले. “मॅडम, आता कथेतली पात्रं उठून यायला लागली!”

लोकही हसले. पेडगावकर मात्र ताडकन उठले. “मॅडम, या बाई आमच्या साक्षीदार नाहीत. आम्हाला यांना तपासायचं नाही.”

“आमचीही सक्त हरकत आहे,” कुलथे म्हणाले. “या सकाळपासून इथं बसून सगळं ऐकतायत.”

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही म्हणता आत मुलगी होती. राही नावाची मुलगी वारली, हे फिर्यादीलाही मान्य आहे.”

“राही होतीच. तिच्याशिवाय आणखी एक होती.”

त्यांनी दोन्ही वकिलांकडे बघितलं. “मी यांना न्यायालयाची साक्षीदार म्हणून ऐकणार आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर. दोघांनाही उलटतपासणी घेता येईल.”

व्हरांड्यात पेडगावकरांनी मला भिंतीशी गाठलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “अक्कल आहे का तुम्हाला? मी वर्षभर घसा फोडून सांगतोय की हे काल्पनिक आहे. तुम्ही आत जाऊन खरंय म्हणालात की माझा सगळा बचाव कोसळतो. मग आम्हाला खरं असल्याचं सिद्ध करावं लागेल. कशाच्या जोरावर करणार? तुमच्या?”

“हो.”

“आणि नाही झालं तर? सोनटक्के आत जातील. तुमच्यामुळं.”

सर त्यांच्या मागंच उभे होते. ते म्हणाले, “वैजंता, घरी जा.” असल्या कोरड्या आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. वळले तर तौर समोर. एकटेच. जवळून ते म्हातारे दिसत होते, पण उभं राहण्याची ढब तीच होती, पोट पुढं आणि हात कमरेवर. आम्ही मुली ती ढब लांबून बघितली तरी गप्प व्हायचो.

“कौसाबाईची तू,” ते म्हणाले. “बरी हाय का माय? गुडघे दुखतात म्हणं तिचे.”

मी नळ बंद केला.

“ज्या खोलीत ऱ्हाती ती, ती जागा आपल्या संस्थेच्या माणसाची हाय. मीच शब्द टाकला होता. माहितीय का तुला?” ते हसले. “म्हाताऱ्या माणसाला या वयात कुठं हिंडवतीस? इचार कर.”

एवढं बोलून ते निघून गेले. त्याआधी कदाचित मी घरी गेलेही असते. त्यानंतर नाही.

दुपारी मी कठड्यात उभी राहिले. शपथ घेतली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, “जे घडलं ते सांगा.”

मी सांगितलं. आदल्या दिवशी जिल्ह्याहून एक साहेब वसतिगृह बघायला आले होते. त्यांनी रांगेतल्या मुलींना विचारलं, दूध मिळतं का? सगळ्या गप्प. राही म्हणाली, नाही. साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, खरं का? मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तौर साहेबांनी आम्हा दोघींना कोठीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. माय तेव्हा बाजाराला गेली होती. वर पत्रा, आत ज्वारीची पोती, धूळ. राहीला दमा होता. तिचे आई-बाप ऊसतोडीला लांब कोल्हापूरकडं गेलेले.

“उलटतपासणी,” न्यायाधीश बाई म्हणाल्या.

कुलथे सावकाश माझ्याजवळ आले.

“आपलं वय तेव्हा?”

“अकरा.”

“राही आजारी होती, वेगळ्या खोलीत झोपवली होती, तिथंच वारली, असा जबाब पोलिसांना कुणी दिला होता?”

“माझ्या आईनं.”

“आई खोटं बोलली?”

“हो.”

“का?”

“तिला राहायला दुसरी जागा नव्हती. पदरात मी होते.”

“म्हणजे खोटं बोलणं तुमच्या घरात चालतं.” ते थांबले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “सोनटक्के सरांची नि आपली ओळख कशी? रविवारी वर्ग सुटल्यावर आपण दोघंच थांबायचा म्हणे.”

मागं कुणीतरी खोकललं. मी मागं बघितलं नाही. “एकदा थांबले होते. हेच सांगायला.”

“काय सांगितलंत त्यांना? की मी आत होते?”

“नाही. बाहेर होते असं सांगितलं.”

“अरे वा!” कुलथे खोलीकडे वळले. “तेव्हा बाहेर, आज आत. उद्या कुठं? बाई, यातलं खोटं कुठलं ते एकदा सांगूनच टाका.”

“सरांना सांगितलेलं.”

“म्हणजे कथा खोटी.”

“कथेत मी जिथं उभी आहे ती जागा खोटी आहे. आणि पायाचं वाक्य खोटं आहे.”

पेडगावकरांनी डोक्याला हात लावला.

“मॅडम, साक्षीदार स्वतःच म्हणतायत की वाक्य खोटं आहे!”

“तिचा पाय पोत्यावर आपटत नव्हता,” मी म्हणाले. “मला दिसलाही नाही तो. अंधार होता. फट एकाच तोंडापुरती होती, म्हणून ती पुढं होती नि मी तिच्यामागं बसले होते. तिचा पाय माझ्या मांडीवर होता. तो माझ्या मांडीवर आपटत होता. आधी जोरात. मग हळू. मग थांबला. दार उघडलं तेव्हाही तो तिथंच होता. तौर साहेबांनीच तो उचलून बाजूला ठेवला आणि मला बाहेर ओढलं.”

कुलथेंनी कागद चाळला, एकदा पुढं, एकदा मागं. रेणापूरकर बाई अजून गेल्या नव्हत्या, भिंतीशी बसल्या होत्या. न्यायाधीश बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. रेणापूरकर बाईंनी अंक मिटला आणि मांडीवर ठेवला.

“तौर साहेबांनी काय घातलं होतं त्या दिवशी?” कुलथे एकदम म्हणाले. “रंग सांगा कपड्यांचा. आठवतंय ना सगळं?”

“नाही आठवत.”

“मग पाय तेवढा बरा आठवतो!”

“तो माझ्या अंगावर होता,” मी म्हणाले.

मी तौरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि तो हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली दडवला.

पुढच्या तारखेला तौरांनी फिर्याद मागं घेतली. तब्येतीचं कारण दिलं. सर सुटले. बाहेर आल्यावर पेडगावकर माझ्याशी बोलले नाहीत. सर फाटकापर्यंत आले.

“मला राग आलाय तुझा,” ते म्हणाले. “तुला यातून लांब ठेवायला मी तुरुंगात जायला तयार होतो.”

“तुम्हाला माहीत होतं का?”

त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाले, “तू पायाचं सांगितलंस तेव्हाच कळलं मला. बाहेरच्या माणसाला तो कळणारच नाही. तू बाहेर म्हणालीस म्हणून मी तुला बाहेर उभं केलं. पण ते वाक्य मला खोडवेना. ‘पोत्यावर’ हा शब्द माझा.”

“आणि बाईंनी त्याला चूक म्हटलं तेव्हा?”

“तेव्हा मी चूक कबूल करून सुटणार होतो,” सर म्हणाले, आणि सायकलला टांग मारून गेले.

राहीच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून मी अर्ज केला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि फार जुनं प्रकरण आहे असा शेरा घेऊन परत आला. तौर सचिव राहिलेच. मायला ती खोली सोडावी लागली. नव्या घरात ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. ताट वाढायची, तोंड फिरवायची. एकदाच म्हणाली, “माजं नाव समद्या तालुक्यात खोटारडी म्हणून झालं.” मी तिला काय सांगणार होते? ते खरंच होतं.

उन्हाळा लागला तसे ऊसतोडीचे लोक गावाकडे परतू लागले. एका दुपारी दवाखाना बंद करत होते तेव्हा एक वाळलेली, उंच बाई पायरीवर येऊन उभी राहिली. हातात दिवाळी अंकाचं फाडलेलं पान होतं.

“कौसीची ल्येक तूच का?”

“हो.”

“मी भागाबाई. राहीची माय.”

मी बसा म्हणाले. ती बसली नाही.

“मला वाचता येत न्हाई. टोळीतल्या पोरानं वाचून दावलं. आमी आलो तवा माती झाली व्हती तिची. साहेब म्हनले, झोपंत गेली. आन् हितं लिवलंय, तिची मैतरीण दाराभाईर व्हती. तिची मैतरीण म्हंजी तूच.” तिचा आवाज चढला. “फटीतून बगत व्हतीस! कडी काढाया काय झालं व्हतं तुला? हात मोडले व्हते का? माजी ल्येक आत तडफडती आन् तू भाईरून बगती?”

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तिनं ते पान माझ्या छातीवर आपटलं. कोर्टात काय झालं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती महिनोन्महिने उसाच्या फडात या एका दाराबाहेरच्या पोरीला शिव्या देत आली होती.

“मी बाहेर नव्हते,” मी म्हणाले. “आत होते. तिच्याबरोबर.”

“खोटं बोलू नगंस.”

“मलाही कोंडलं होतं. तिचा पाय माझ्या मांडीवर होता.”

भागाबाई पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, “कोंची मांडी?”

मी उजव्या मांडीवर हात ठेवला. ती त्या हाताकडे बघत राहिली.

“काई बोलली का?”

हे मी कोर्टात सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. “बोलायला दम नव्हता तिला. पण मधेच तिनं फटीपासून तोंड बाजूला घेतलं. मला ओढलं आणि म्हणाली, आता तू.”

“आन् तू?”

“मी लावलं तोंड. जरा वेळ. मग तिला परत पुढं केलं. थोड्या वेळानं ती पुन्हा सरकली. पुन्हा म्हणाली, आता तू.”

भागाबाईनं पदर तोंडाशी धरला. रडली नाही. रस्त्यावर थांबलेली माणसं एकेक करून निघून गेली.

“म्हंजी येकटी नव्हती,” ती म्हणाली. मला नाही, समोरच्या रिकाम्या रस्त्याला.

मग ती पायरीवर जरा सरकली आणि तिनं माझ्यासाठी जागा केली.